वाचक विचारतात : थ्री फेजचा हिशोब, दोन वॉटमीटर आणि जळालेला हीटर

प्रश्न : माझी १० एचपीची पिठाची गिरणी आहे, मोटार डेल्टात (तीन कॉइल्स त्रिकोणात) जोडलेली. दळण चालू असताना क्लॅम्प मीटरवर तिन्ही वायरींत १४ अँपियर येतात आणि दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट. वायरमन म्हणतो तीन फेज म्हणजे तिप्पट, १७ किलोवॉट लागतायत. भाचा म्हणतो ४१५ गुणिले १४, म्हणजे ५.८. खरं कुणाचं?
— एक गिरणीवाले, बार्शी तालुका

उत्तर : दादा, दोघांचंही नाही, पण दोघांची चूक एकाच जागी झालीय आणि ती जागा समजली की पुन्हा कधी गोंधळ होणार नाही.

मोटारीत तीन सारख्या कॉइल्स असतात, आपल्याला एका कॉइलची पॉवर काढून तिप्पट करायचीय, एवढंच काम आहे. वायरमनचं 'तिप्पट' बरोबरच आहे हो, पण त्याने ४१५ व्होल्ट कॉइलचे घेतले आणि १४ अँपियर वायरीचे घेतले, तिथे घोळ झाला. डेल्टात कॉइलला पूर्ण ४१५ मिळतात, पण वायरीतले १४ अँपियर दोन कॉइल्समध्ये वाटले जातात आणि हे दोन करंट एका वेळी शिखरावर नसतात, त्यामुळे वाटणी निम्मी होत नाही, १४ भागिले १.७३२ म्हणजे ८.०८ अँपियर होते. आता ३ × ४१५ × ८.०८ करा, साधारण १०,०६० येईल. स्टार असती, म्हणजे तिन्ही कॉइल्सची एकेक टोकं एकत्र बांधलेली असती, तर कॉइलमध्ये १४ अँपियर पूर्ण गेले असते पण व्होल्ट २४० च मिळाले असते, ३ × २४० × १४, परत तेवढंच. म्हणून १.७३२ × ४१५ × १४ हे एकच सूत्र दोन्हीकडे चालतं, जोडणी कुठलीय ते बघावं लागत नाही.

पण थांबा, हे १०,०६० वॉट नाहीत, व्होल्ट-अँपियर आहेत. खरे वॉट काढायला पॉवर फॅक्टरने, म्हणजे त्यातला किती भाग खऱ्या कामाचा त्या प्रमाणाने, गुणायचं, आणि तो साध्या क्लॅम्प मीटरला कळतच नाही. मग मी या गिरणीवाल्यांना फोनवर एक काम सांगितलं, दुकानातलं बाकी सगळं बंद करा, दळण चालू ठेवा आणि लाइटच्या मीटरवरचा लाल दिवा किती वेळा लुकलुकतो त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, नंतर सावकाश मोजा. यांच्या मीटरवर एका युनिटला ८०० ब्लिंक असं छापलंय (तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असू शकतो, बघून घ्या). १०० ब्लिंकला ५३ सेकंद लागले. १०० × ३६०० (तासाचे सेकंद) ला ८०० × ५३ ने भागलं की ८.४९ किलोवॉट. हे खरं उत्तर. ८.४९ भागिले १०.०६, पॉवर फॅक्टर निघाला ०.८४, १० एचपीच्या भरलेल्या मोटारीला अगदी शोभेल असा.

मग धान्य न टाकता गिरणी रिकामी फिरवायला लावली. करंट ६ अँपियर. बघताना वाटतं निम्म्याच्या आसपास वीज जातेय. पण २० ब्लिंकला ९० सेकंद लागले म्हणजे बरोब्बर १ किलोवॉट! करंट निम्म्याहून थोडाच कमी आणि पॉवर मात्र आठव्या हिश्श्यावर. ते ६ अँपियर बहुतेक मोटारीचं चुंबकीय क्षेत्र उभं करण्यातच जातात, काम फार थोडं करतात, पॉवर फॅक्टर जेमतेम ०.२३. म्हणून नुसत्या अँपियरवरून बिलाचा अंदाज बांधू नका, मी हे कळकळीने सांगतोय कारण त्यावरून चांगल्या मोटारी बदललेल्या मी पाहिल्यात.

चुंबकीय क्षेत्राचा हा करंट मोटारीजवळच पुरवायला ३ केव्हीएआरचा (हे त्याच्या क्षमतेचं माप) कपॅसिटर लावलात तर दळताना पॉवर फॅक्टर ०.९६ च्या आसपास जाईल आणि मेन वायरीतला करंट १४ वरून १२ अँपियरच्या जवळ येईल. युनिट मात्र जवळपास तेवढेच पडतील, मोटारीचं काम कमी झालेलं नाही. बिल केव्हीएएचवर, म्हणजे वॉटऐवजी व्होल्ट-अँपियरच्या हिशोबाने, येत असेल तर फायदा थेट दिसतो.

आणि हे सगळं तिन्ही वायरींत सारखा करंट असेल तरच. शेतात दोन फेजवर कंडेन्सर (म्हणजे कपॅसिटरच) लावून पंप चालवतात तिथे हे सूत्र लावू नका, उत्तर चुकणारच.

प्रश्न : डिप्लोमाच्या लॅबमध्ये ५ एचपीची मोटार नो-लोड (रिकामी) चालवली, ४१५ व्होल्ट, ३ अँपियर. दोन वॉटमीटरपैकी एकावर ८५५ आले, दुसऱ्याचा काटा उलटा गेला म्हणून करंट कॉइलच्या वायरी अदलाबदल केल्या, मग ३५५ आले. बेरीज १२१० लिहिली, सरांनी कट केली. का?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : दोन वॉटमीटरच्या रीडिंगची बेरीज म्हणजे एकूण पॉवर हे खरं, पण वायरी फिरवल्यास ना, मग ते रीडिंग वजा धरायचं. ८५५ वजा ३५५, म्हणजे ५०० वॉट. काटा उलटा जाणं हा बिघाड नाही, मोटार तुला सांगत होती की पॉवर फॅक्टर ०.५ च्या खाली आहे. तुझी बेरीज धरली तर १२१० भागिले २१५६ (१.७३२ × ४१५ × ३) म्हणजे ०.५६ येतो, आणि ०.५६ असता तर दोन्ही काटे सरळच गेले असते, म्हणजे उत्तर स्वतःच स्वतःला खोटं पाडतंय बघ. ५०० धरलं तर ०.२३, रिकाम्या मोटारीला साजेसा. अजून एक, पॉवर फॅक्टर ज्या कोनाचा कोसाइन असतो तो सूत्रातला कोन एकाच फेजच्या व्होल्टेज आणि करंटमधला असतो, लाइन व्होल्टेज आणि लाइन करंटमधला नाही, त्यात ३० अंश घुसतात. पेपरात इथे फार मार्क जातात.

प्रश्न : काजू वाळवायच्या ड्रायरमध्ये २ किलोवॉटचे तीन हीटर होते. नव्या माणसाने जोडणी केली आणि काही मिनिटांत तिन्ही जळाले. माल खराब होता का?
— सावंतवाडीहून एक ताई

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेल्या फोटोत हीटरवर २४० व्होल्ट लिहिलंय, म्हणजे ते स्टारमध्येच हवे होते. त्यांनी डेल्टा केलं. व्होल्ट १.७३ पट झाले की पॉवर त्याच्या वर्गाने वाढते, म्हणजे तिप्पट. २ चा ६ किलोवॉट, तिन्ही मिळून १८, आणि लाइनमधून ८ ऐवजी २५ अँपियर. कुठलाही चांगला हीटर यात टिकला नसता. नवीन आणताना परत २४० चेच आणा, तिघांची एकेक टोकं एकत्र बांधून ती न्यूट्रलला घ्या म्हणावं, आणि चालू करायच्या आधी फेजच्या वायरी त्या गेलेल्या २५ अँपियरनं कुठे तापून कडक झाल्यात का तेवढं मेन बंद करून नक्की बघून घ्या.