देवाचा कौल, जनतेचा कौल आणि घरावरचं कौल

प्रश्न मालवणकडच्या एका वाचकाचा आहे, आधी थोडक्यात तोच सांगतो. गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, जाणत्या मंडळींनी ग्रामदेवतेला कौल लावला, देवाने उजवा म्हणजे होकार दिला आणि सरपंच बिनविरोध करायचं ठरलं, बाकीच्यांनी अर्ज मागे घेतले. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरला, "गावात जनतेचा कौल स्पष्ट". तर वाचक विचारतायत की हे दोन कौल एकच का, घरावरचं कौल यात कुठून आलं आणि बिनविरोध निवडीला जनतेचा कौल म्हणणं बरोबर आहे का, कारण सभेचं प्रोसिडिंग लिहायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलंय.

घरावरचं आधी उतरवून ठेवू. ते वेगळंच कौल आहे आणि ओळखायची खूण म्हणजे लिंग बघा. देवाचा तो कौल, घरावरचं ते कौल. कौल लागला, पण कौल फुटलं. पावसाळ्याआधी कौलं परततो, देवाचे कौल कोणी परतत नाही (परतायला बघणारे असतात, त्यांच्याकडे येतोच). मंगलोरी कौलं तर बरीच अलीकडची, बासेल मिशनने मंगलोरात १८६५ला कारखाना काढला तिथून ती कोकणभर पसरली. तिसरा एक कौल आहे तो शाक्तांचा कौलमार्ग, तो 'कुल'वरून आलाय, त्याचा आपल्याशी संबंध नाही.

आता आपला कौल. हा अरबी, फारसीतून आपल्याकडे आला, मूळ अर्थ बोल, वचन, दिलेला शब्द. कव्वाली पण याच घरची, कव्वाल म्हणजे कौल म्हणणारा. मराठीत तो आधी दरबारी कागदात रुळला, कौलनामा म्हणून. दुष्काळ पडला किंवा फौजा तुडवून गेल्या की गाव ओस पडायचा, रयत परागंदा व्हायची, मग सरकार कौल द्यायचं की परत या, जमीन कसा, पहिल्या वर्षी सारा हलका, मग दरवर्षी थोडा थोडा चढवत पूर्ण दरावर नेऊ (या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणायचे), मध्येच कोणी उपद्रव देणार नाही. किल्ला खाली करणारेसुद्धा आधी कौल मागायचे, म्हणजे जीव आणि चीजवस्तू सुरक्षित राहील याचा शब्द. कंपनीच्या इंग्रजांनी हा शब्द तसाच उचलून आपल्या पत्रव्यवहारात वापरला, त्यांना बहुतेक दुसरा सुचला नसावा. आपण अजून 'कौलकरार' म्हणतो त्यात तोच बसलाय.

म्हणजे बघा, कौल हा वरचा खालच्याला देतो. रयत मागते, सरकार देतं, आणि एकदा दिला की देणाराही त्याला बांधला जातो. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण नुसता हुकूम असता तर त्याला कौल कशाला म्हणायचं, हुकूम होताच की.

देवळात हाच शब्द गेला तेव्हा वरचा म्हणून देव बसला. सिंधुदुर्गात ज्यांनी कौल लावताना बघितलाय त्यांना सांगायला नको पण बाकीच्यांसाठी सांगतो. पाषाणावर ठरलेल्या जागा असतात, उजवीकडच्या आणि डावीकडच्या, तिथे गुरव ओले तांदळाचे दाणे नाहीतर फुलं नाहीतर पाकळ्या चिकटवतो, जशी त्या गावची रीत. मग गाऱ्हाणं. "बा देवा म्हाराजा, बारा-पाचाच्या म्हाराजा" म्हणत सुरुवात होते, प्रत्येक वाक्याला मागचे सगळे "होय म्हाराजा" करून साथ देतात, आणि प्रश्न असा घालायचा असतो की उत्तर दोनच निघतील, काम होणार असेल तर उजवा दे, नसेल तर डावा. मग सगळे गप्प उभे. कुठला दाणा आधी सुटतो यावर डोळे, आणि सभामंडपातला पंखा चालू असला तर कुणीतरी ओरडून तो बंद करायला लावतं. उजवा सुटला की होकार. गोव्यात यालाच बहुतेक ठिकाणी प्रसाद म्हणतात, प्रसाद लावला, प्रसाद झाला, पण काम तेच.

आणि हे फक्त लग्न जमेल का, विहिरीला पाणी लागेल का एवढ्यापुरतं नाही हां. अख्ख्या गावाचे निर्णय यावर चालत आलेत. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा घ्या, मुंबईचे चाकरमानी जिच्यासाठी रेल्वेची तिकिटं काढायला टपून बसतात, तिची तारीख कुठल्याही पंचांगाला आधी ठाऊक नसते, देवीचा कौल झाल्यावरच ती ठरते. आचऱ्याची गावपळण पण तशीच, काही वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव गुरंढोरं कोंबड्या घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहुट्या ठोकून राहतो, मुसलमान कुटुंबंसुद्धा. कोणी कलेक्टर सांगत नाही, पोलीस लागत नाही. गावऱ्हाटी म्हणतात ती हीच, मानकरी ठरलेले, कामं ठरलेली, आणि वर देव, म्हणजे निर्णयाचा मालक गावातला कुठलाही माणूस नाही. मला यातली ही गोष्ट खरंच आवडते, की खोताला पण, मानकऱ्याला पण हात जोडून उभं राहून विचारावं लागतं. खोताचा शब्द माझं म्हणणं म्हणून मोडता येत नव्हता, देवाचं म्हणणं म्हणून मात्र मोडता यायचा. बाहेरचं राज्य बदलत राहिलं तरी गाव आपलं आपण चालवत राहिला त्यामागे ही सोय होती असं मला वाटतं.

पण दुसरी बाजू पण सांगितली पाहिजे. प्रश्न घालणार कोण, तर मानकरी. दाणा चिकटवणार कोण, तर गुरव. डावा आला तर प्रश्न बदलून पुन्हा लावायचा की नाही हे कोण ठरवणार, परत मानकरीच. बायका मानकऱ्यांच्या बारा-पाचात नाहीत, गावकुसाबाहेरचे तर नाहीतच, 'होय म्हाराजा' म्हणायला तेवढे सगळे. आणि गावकीचं म्हणणं ऐकलं नाही की वाळीत टाकणं, लग्नाला जायचं नाही, मयताला यायचं नाही. हे फार जुनं नाही, रायगड-रत्नागिरीकडच्या अशा बहिष्काराच्या केसेस पेपरात येत राहिल्या म्हणून तर महाराष्ट्रात २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा झाला. गाव स्वतंत्र होता म्हणजे गावातला प्रत्येक जण स्वतंत्र होता असं नाही ना होत.

तर आता 'जनतेचा कौल'. पेपरवाल्यांनी हा शब्द निवडणुकीला लावला तेव्हा त्यांच्या डोक्यात कौलनामा होता की देऊळ हे सांगता यायचं नाही, पण क्रियापदं बघितली तर देवळाकडे झुकायला होतं. कौल मागितला, कौल दिला, कौल लागला, कौल मान्य आहे. हे सगळं मंदिरात म्हणतो तसंच आहे. आणि गंमत अशी की यात खुर्च्या उलट्या झाल्यात. कौलनाम्यात राजा देणारा आणि रयत मागणारी, इथे उमेदवार हात जोडून दारात उभा आणि रयत देणारी, म्हणजे वर कोण बसलं, तर मतदार. जनता जनार्दन नुसतं भाषणात म्हणतात पण या एका शब्दात ते खरंच झालंय. 'जनादेश' मला त्यामानाने कोरडा वाटतो, हिंदी चॅनेलवरून आलेला, आदेश सोडण्यात मागणाऱ्याने थांबून वाट बघायची जी गोष्ट आहे ती येत नाही.

जाता जाता एक चूक रोज दिसते ती सांगतो. कल आणि कौल. मतमोजणीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता जे हाती येतात ते कल, म्हणजे पारडं कुठे कलतंय ते. एक्झिट पोल सांगतो तो पण कलच. कौल शेवटचं मत मोजून निकाल लागल्यावर. "सुरुवातीचे कौल हाती" असं अँकर म्हणतात तेव्हा दाणा सुटायच्या आधीच गुरवाने उजवा जाहीर केल्यासारखं होतं.

आता तुमचा तिसरा प्रश्न, बिनविरोधला जनतेचा कौल म्हणावं का. माझं उत्तर, नाही. बिनविरोध म्हणजे एकच अर्ज उरला म्हणून मतदानच झालं नाही, म्हणजे जनतेला कौल लावलाच नाही. लावलाच नाही तो लागणार कसा. गावाचं एकमत असेल, चांगली गोष्ट असेल, भांडणं टळली असतील, खर्च वाचला असेल, त्याला एकमत म्हणा, समझोता म्हणा. तुमच्या गावात देवाचा कौल झाला हे खरं, जनतेचा झाला हे खरं नाही, आणि एकाचं नाव दुसऱ्याला चिकटवलं की मतदाराची खुर्ची गुपचूप काढून घेतल्यासारखं होतं.

२०२१च्या जानेवारीतलं उमराण्याचं प्रकरण आठवत असेल. नाशिक जिल्ह्यातलं गाव, सरपंचपदाचा लिलाव झाला, बोली दोन कोटी पाच लाखांवर गेली आणि पैसा जाणार होता गावातल्या रामेश्वराच्या मंदिराला. नंदुरबारच्या खोंडामळीतही तेव्हाच लिलाव झाला होता. राज्य निवडणूक आयोगाने दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. तिथे पण बोलणारे हेच बोलत होते की पैसा देवाच्या कामाला जातोय, गावाची सहमती आहे, मग कोणाचं काय बिघडतंय. बिघडतंय त्याचं, ज्याच्याकडे दोन कोटी नाहीत पण उभं राहायचंय, आणि ज्याला दुसऱ्या कोणाला मत द्यायचंय. तुमच्या गावात पैसा नव्हता हे मान्य, तेवढा फरक आहेच.

आणि कायद्याने हे फार आधी ओळखलंय. १९२०ला भारतीय दंडविधानात निवडणुकीच्या गुन्ह्यांचं प्रकरण घातलं त्यातल्या १७१ग कलमात गैरवाजवी दडपणाची व्याख्या आहे, आणि त्यात मारहाणीच्या धमकीच्या बरोबरीने दैवी कोपाची भीती घालणंही धरलंय, उमेदवाराला घाला नाहीतर मतदाराला घाला. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३व्या कलमात तेच आलं, आणि दंडविधान जाऊन न्याय संहिता आली तरी ते टिकलंय. म्हणजे देवाला विचारायला कोणाची बंदी नाही, मी उभा राहू का हे उमेदवाराने स्वतःपुरतं विचारावं की खुशाल, पण "देवाने उजवा दिलाय, आता अर्ज मागे घेतला नाहीस तर बघ काय होतं ते" असं कोणी म्हणालं की मामला श्रद्धेचा राहत नाही. तुमच्याकडे अर्ज मागे घेणाऱ्यांना कोणी असं म्हणालं का हे मला माहीत नाही, तुम्हाला असेल.

प्रोसिडिंगचं म्हणाल तर त्यात 'कौल' हा शब्दच आणू नका. ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला जी जागा दिलीय ती मतदारयादीत नाव असलेल्या प्रत्येकाची आहे, त्यात देवळात न येणारे पण आले, तेव्हा देवळात ठरलेलं सभेच्या वहीत लिहायचं कारण नाही. 'सर्वानुमते' पण सांभाळून, सभेत विषय निघाला, विचारलं आणि कोणी हरकत घेतली नाही तरच लिहा, नाहीतर "एकच वैध अर्ज राहिल्याने बिनविरोध" एवढं पुरतं आणि ते खरं पण असतं. देवस्थानच्या वहीत मात्र कौल झाला तसा लिहा, तिथे तो शब्द बरोबर आहे, आणि अनेकवचन लागलं तर 'कौल'च, 'कौलं' लिहिलंत तर ऑडिटवाला छपराचा खर्च शोधत बसेल.