लिनक्स घ्यायचं, पण कुठलं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. तेव्हापासून लिनक्सबद्दल, म्हणजे विंडोजऐवजी संगणकावर टाकता येणाऱ्या प्रणालीबद्दल, या सदराकडे बरीच पत्रं आली आहेत. लिनक्स वेगवेगळ्या नावांच्या तयार संचांत मिळतं, अशा संचाला ‘डिस्ट्रो’ म्हणतात. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांतल्या पाचांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न: माझा लॅपटॉप पाचव्या पिढीच्या आय-थ्रीचा आहे. 4 जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क आहे. विंडोज 11 त्यावर चालणार नाही असं दुकानदार म्हणतो. मला इंटरनेट, यूट्यूब, बँकेचे व्यवहार आणि मराठी पत्रव्यवहार एवढंच करायचं आहे. लिनक्सचे इतके प्रकार पाहून गोंधळ उडाला आहे. (निवृत्त शिक्षिका, चिपळूण)

उत्तर: दुकानदाराचं म्हणणं बरोबर आहे. विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा-यंत्रणा लागते. तुमच्यासाठी आमचं उत्तर लिनक्स मिंट, आणि त्यातही एक्सएफसीई आवृत्ती. मिंटच्या सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई अशा तीन आवृत्त्या मिळतात. आतली यंत्रणा तिन्हींची एकच, फरक आहे तो समोर दिसणाऱ्या डेस्कटॉपचा. सिनॅमन देखणी आहे, पण 4 जीबी रॅममध्ये ब्राउझरला जितकी जागा मोकळी राहील तितकं बरं, आणि एक्सएफसीई कमी रॅम खाते. मेनू डाव्या कोपऱ्यात, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ अशी मांडणी असल्यामुळे विंडोजची सवय असलेल्या माणसाचा हात अडत नाही. मिंट 22 ही मालिका उबंटू या दुसऱ्या डिस्ट्रोच्या 24.04 आवृत्तीवर उभी आहे आणि तिला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

डिस्ट्रो कुठलीही निवडा, तुमच्या लॅपटॉपचा खरा अडसर ती फिरती हार्ड डिस्क आहे. ती काढून अडीच इंची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा, 240 किंवा 256 जीबीची पुरे. त्याने जेवढा फरक पडेल तेवढा एका डिस्ट्रोवरून दुसरीवर जाऊन पडणार नाही. पैसे उरले तर रॅम 8 जीबी करा. मात्र रॅम घेताना जुन्या पट्टीवरचं लेबल वाचा. या पिढीच्या बहुतेक लॅपटॉपना 1.35 व्होल्टची डीडीआर3एल रॅम लागते आणि लेबलवर ‘पीसी3एल’ असं लिहिलेलं असतं. दुकानदाराने ‘एल’ नसलेली साधी डीडीआर3 दिली तर लॅपटॉप सुरूच न होण्याची शक्यता मोठी, आणि मग दोष लिनक्सवर जातो.

आता कृती. मिंटच्या संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (एकाच फाइलमध्ये सगळी प्रणाली) उतरवून घ्या. ती साधारण 3 जीबीची असते. 8 जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा करा, कारण त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे. फाइल नुसती ओढून पेनड्राइव्हवर टाकली तर लॅपटॉप तिच्यावरून सुरू होत नाही. ती बलेना एचर किंवा रुफस या मोफत प्रोग्रामनेच उतरवावी लागते. मग लॅपटॉप बंद करून चालू करताना बूट मेनूची (कशावरून सुरू व्हायचं ते निवडण्याची) कळ दाबा: डेल आणि लेनोव्होला सहसा एफ12, एचपीला एस्केप आणि मग एफ9, एसुसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरमध्ये एफ12 चा मेनू बऱ्याचदा बंद ठेवलेला असतो. तो आधी एफ2 दाबून बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, चालू करावा लागतो.

मिंट पेनड्राइव्हवरूनच चालू होईल आणि डिस्कला धक्का लागणार नाही. ही पायरी कोणीही गाळू नये. निदान अर्धा तास वापरून पाहा: वायफाय जोडलं जातं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, प्रकाश कमीजास्त करणाऱ्या कळा चालतात का, आणि झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का. शेवटची चाचणी बहुतेक जण विसरतात आणि तक्रार नेमकी तिचीच येते. वायफाय दिसलंच नाही तर मोबाइल केबलने जोडून त्यात यूएसबी टेदरिंग चालू करा. तेवढ्या इंटरनेटवर मिंटचा ‘ड्रायव्हर मॅनेजर’ ब्रॉडकॉमसारख्या वायफाय चिपचा ड्रायव्हर (ती चालवणारा प्रोग्राम) शोधून बसवतो. सगळं जुळलं तरच डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल’ चित्रावर क्लिक करा. त्याआधी आपले फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवलेली असावीत.

विंडोजसारखंच दिसणारं हवं असेल तर झोरिन ओएसही चांगली आहे, पण ती 8 जीबी रॅमवर घ्या. उबंटू भक्कम आहे. मात्र तिचा डेस्कटॉप विंडोजपेक्षा बराच वेगळा आणि जड. 4 जीबीवर आम्ही ती सुचवणार नाही.

प्रश्न: आमचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. दोन संगणकांवर हिशेबासाठी टॅली, मराठी मजकुरासाठी श्रीलिपी, एक एचपी लेझरजेट 1020 आणि एक कॅनन एलबीपी 2900 आहे. दोन्हीकडे लिनक्स टाकलं तर चालेल का? (लातूर)

उत्तर: दोन्हीकडे टाकू नका. एका संगणकावर विंडोज राहू द्या. टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनवलेली आहे. ‘वाइन’वर (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) ती चालवण्याची खटपट लोक करतात, पण ज्यावर गिऱ्हाइकाचे हिशेब आहेत तिथे अशी खटपट नको.

श्रीलिपीचं नीट समजून घ्या. जुन्या श्रीलिपी फाइलमध्ये साठवलेली असतात ती युनिकोड या जागतिक मानकातली मराठी अक्षरं नसून वेगळे संकेत असतात, आणि ‘श्री-देव’ मालिकेतला फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. त्यामुळे लिनक्सवर ती फाइल उघडली की आधी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. तुमच्याकडे परवान्याने आलेल्या फॉन्टची फाइल लिनक्समध्ये दोनदा क्लिक करून ‘इन्स्टॉल’ केली की मजकूर वाचता येतो, छापताही येतो. पण त्यात नवीन टाइप करता येणार नाही, कारण कळफलक सांभाळणारा प्रोग्राम विंडोजचा आहे. म्हणून जुनी कामं विंडोजवर आणि नवीन कामं युनिकोडमध्ये, अशी वाटणी करा. जुना मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणलात तर रफार, ‘ऱ्य’ आणि पोटफोड्या ‘ष’ची जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासा. चुका तिथेच होतात.

लेझरजेट 1020 लिनक्सवर चालतो, पण त्याची एक खोड आहे. या प्रिंटरच्या पोटात स्वतःचं फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्राम) कायम राहत नाही. प्रत्येक वेळी वीज चालू केली की ते संगणकाने पाठवावं लागतं, आणि ते एचपीच्या वेगळ्या प्लगइनमध्ये (जोड-प्रोग्राममध्ये) असतं. प्लगइन नसेल तर प्रिंटर यादीत दिसतो, प्रिंट ‘पूर्ण’ झाल्याचंही दिसतं, पण कागद हलत नाही. यावर उपाय असा: सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘एचप्लिप’ या एचपीच्या प्रिंटर-सॉफ्टवेअरचा खिडकीवाला भाग, म्हणजे एचप्लिप-जीयूआय, बसवा. मग प्रिंटर केबलने जोडून चालू ठेवा आणि इंटरनेट सुरू असताना ‘एचपी टूलबॉक्स’मधून प्रिंटर नव्याने जोडा. तो प्लगइन मागेल, होकार द्या. प्लगइन आणि एचप्लिपची आवृत्ती एकच लागते. त्यामुळे मिंटच्या मोठ्या अपग्रेडनंतर प्रिंटर अचानक गप्प झाला तर सगळ्यात आधी प्लगइन पुन्हा बसवा.

कॅनन 2900 वर मात्र वेळ घालवू नका. तो कॅननच्या ‘कॅप्ट’ या खासगी भाषेत बोलतो. लिनक्ससाठी कॅननचा ड्रायव्हर आहे, पण जुना आहे, आणि आजच्या डिस्ट्रोवर तो बसवणं नवख्याचं काम नाही. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना तर नाहीच. तो विंडोजच्या संगणकालाच जोडलेला राहू द्या. लिनक्सवरून पीडीएफ बनवून तिकडे पाठवा. पुढे नवीन प्रिंटर घ्याल तेव्हा ‘एअरप्रिंट’ किंवा ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ असलेला घ्या. असे प्रिंटर नेटवर्कवर सहसा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात.

प्रश्न: विंडोज 11 ठेवून शेजारी लिनक्स टाकायचं आहे. लॅपटॉप दोन वर्षांचा आहे. कुठे काय बिघडतं? (पुणे)

उत्तर: चार ठिकाणी बिघडतं.

पहिलं, एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरची माहिती सांकेतिक करून ठेवणं. नव्या लॅपटॉपची डिस्क बऱ्याचदा मालकाला न सांगताच बिटलॉकरने कुलूपबंद झालेली असते. बायोसमध्ये थोडा जरी बदल केला तरी विंडोज 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतं. सेटिंग्जमधल्या ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’मध्ये पाहा. चालू असेल तर आधी की लिहून घ्या (ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते), मग एन्क्रिप्शन बंद करा आणि डिस्कचं कुलूप पूर्ण निघेपर्यंत थांबा.

दुसरं, ‘फास्ट स्टार्टअप’. ते चालू असेल तर ‘शट डाउन’ करूनही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवरच्या फाइल वाचता येतात, पण त्यावर काही साठवता येत नाही. कंट्रोल पॅनेलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये ते बंद करा.

तिसरं, इन्स्टॉलरला डिस्कच न दिसणं. बायोसमध्ये स्टोरेज, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, ‘आरएसटी’, ‘रेड’ किंवा ‘व्हीएमडी’वर असेल तर असं होऊ शकतं. ते बदलून ‘एएचसीआय’ करायचं, पण थेट नाही. थेट बदललं तर विंडोज निळी स्क्रीन दाखवून अडतं. आधी विंडोजच्या ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मध्ये सेफ बूट निवडा, पुन्हा सुरू करताना बायोसमध्ये बदल करा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्या, आणि मग सेफ बूटची खूण काढा.

चौथं निरुपद्रवी आहे, पण त्याने लोक फार घाबरतात: लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून फरक नेमका तेवढा. विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमध्ये ‘सिंक नाऊ’ दाबलं की त्या वेळेपुरतं ठीक होतं. कायमचा उपाय म्हणजे लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगणं. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेला ‘सेट-लोकल-आरटीसी 1’ जोडा (timedatectl set-local-rtc 1).

जागा विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून कमी करा, लिनक्ससाठी निदान 60 जीबी सोडा. इन्स्टॉलरमध्ये ‘अलाँगसाइड’ असलेला पर्याय घ्या. ‘इरेज डिस्क’ हा पर्याय सगळी डिस्क पुसतो, विंडोजसकट.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. मित्र काली ही डिस्ट्रो टाका म्हणतात, कोणी आर्च म्हणतं. लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आहे. (नाशिक)

उत्तर: काली नको. ती सुरक्षा चाचणी करणाऱ्या व्यावसायिकांसाठी बनवलेली आहे, आणि लिनक्स नवीन असणाऱ्याने ती रोजच्या वापराला घेऊ नये असं कालीचे निर्मातेच सांगतात. शिकायचीच असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातच दुसरा आभासी संगणक उघडणारा प्रोग्राम) चालवा. आर्चमधून खूप शिकायला मिळतं, पण सबमिशनच्या आदल्या रात्री अपडेटने काही मोडलं तर ते तुमचं तुम्हालाच निस्तरावं लागतं. दुसऱ्या वर्षी घ्या.

उबंटूची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्ती घ्या किंवा मिंट सिनॅमन. प्रोग्रामिंगच्या बहुतेक सूचना उबंटूला धरून लिहिलेल्या असतात आणि त्या मिंटवरही सहसा जशाच्या तशा लागू पडतात. फेडोरा उत्तम आहे, पण तिची प्रत्येक आवृत्ती साधारण 13 महिनेच चालते.

एनव्हिडियाबद्दल एकच गोष्ट, पण महत्त्वाची. सिक्युअर बूट (फक्त मान्यता असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी बायोसची सोय) चालू असताना ड्रायव्हर बसवलात तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगू शकतो. पुढच्या बूटला निळ्या पार्श्वभूमीवर ‘मॉक मॅनेजमेंट’चा पडदा येतो. तिथे बरेच जण घाईने ‘कंटिन्यू बूट’ दाबतात आणि मग ड्रायव्हर लोडच होत नाही. ‘एनरोल मॉक’, मग ‘कंटिन्यू’, ‘येस’, आणि तो ठरवलेला पासवर्ड, असा क्रम आहे. पडदा काही सेकंदच थांबतो.

प्रश्न: लिनक्सवर मराठी टायपिंग कसं करायचं? (ठाणे आणि पणजीहून दोन वाचक)

उत्तर: इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक) येत असेल तर काहीच बसवावं लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडताना ‘इंडियन’ निवडा. नाव तसं असलं तरी तो देवनागरी इनस्क्रिप्टच आहे. ‘दऱ्या’मधला ‘ऱ्या’ हवा तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई. साध्या जे ने ‘र’ येतो आणि ‘दर्या’ उमटतं, म्हणून ही शिफ्ट लक्षात ठेवा.

इंग्रजी अक्षरांवरून टाइप करणाऱ्यांसाठी त्याच यादीत ‘मराठी कागप, फोनेटिक’ आहे. त्याने समाधान झालं नाही तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘आयबस-एम17एन’ हे टायपिंगचं साधन बसवा, एकदा लॉगआउट करून परत या, आणि आयबसच्या पसंतीमध्ये मराठीखाली ‘आयट्रान्स’ किंवा ‘फोनेटिक’ जोडा. लॉगआउट केलं नाही तर नवीन पद्धत यादीत दिसत नाही.

लिब्रेऑफिस रायटर या लेखनाच्या प्रोग्राममध्ये देवनागरीचा फॉन्ट इंग्रजीपासून वेगळा ठरतो. ‘ऑप्शन्स’मधल्या भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ला खूण करा, आणि मग रायटरच्या ‘बेसिक फॉन्ट्स, सीटीएल’ पानावर मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी असा युनिकोड फॉन्ट ठेवा. मंगल आणि निर्मला हे फॉन्ट विंडोजबरोबर येतात, लिनक्सवर नसतात. त्यामुळे त्यांत बनवलेला अर्ज इथे उघडला की ओळी सरकतात आणि पान वाढतं. म्हणून कार्यालयात पाठवायचा कागद पीडीएफ करूनच पाठवा.