चित्रकला आणि मॉडेलिंग (कॉम्प्युटरवर पात्राचं शरीर घडवणं) दोन्ही येत नसेल, तर कॅरेक्टर ॲनिमेटर होता येईल का?

हो, थ्रीडीमध्ये नक्की होता येईल. हाताने काढायच्या टूडी ॲनिमेशनमध्ये मात्र चित्रकलेवाचून भागत नाही.

मोठ्या थ्रीडी स्टुडिओत मॉडेलिंग, रिगिंग, ॲनिमेशन, लाइटिंग ही वेगवेगळ्या लोकांची कामं असतात. ॲनिमेटरला तयार रिग, म्हणजे हलवता येईल असा सांगाडा बसवलेलं पात्र, मिळतो. छोट्या ठिकाणी एकाच माणसाकडून सगळं करून घेतात, त्यामुळे अर्ज करताना कामाचं वर्णन नीट वाचा. चित्रांचं म्हणाल तर काड्यांची माणसं जमली तरी पुरे. वजन कोणत्या पायावर आहे, पाठीचा बाक कुठे आहे, एवढं त्यातून दिसलं पाहिजे.

ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर मोफत आहे आणि सरावासाठी फुकट रिगही मिळतात. आधी एक जड आणि एक हलका चेंडू उसळवा. मग पात्राची चाल घ्या. २४ फ्रेम्स प्रति सेकंद धरून पहिल्या फ्रेमला टाच टेकलेली, ४ला शरीर सर्वांत खाली, ७ला एक पाय दुसऱ्याशेजारून जाताना, १०ला सर्वांत वर आणि १३ला दुसरी टाच टेकलेली. २५वी फ्रेम पहिलीसारखीच ठेवा, पण प्लेबॅक २४वरच थांबवा; नाहीतर तीच पोझ दोनदा दिसते आणि चाल अडखळते. गुडघा मध्येच झटका देत असेल, तर पाय पूर्ण ताठ होतोय असं समजा. कंबर किंचित खाली घ्या.

नवख्यांचं काम सर्वांत जास्त बिघडतं ते ब्लॉकिंगनंतर, म्हणजे मुख्य पोझेस ठरवून झाल्यावर. स्टेप्डमध्ये (एका पोझवरून थेट दुसरीवर उडी) पोझेस झकास दिसतात, स्प्लाइन केलं (मधली हालचाल सलग केली) की पात्र पाण्यात तरंगल्यासारखं हलतं. कारण दहा-बारा फ्रेम्स अंतरावरच्या दोन कीजच्या (ठरवून दिलेल्या पोझेसच्या) मधलं सगळं सॉफ्टवेअर गुळगुळीत भरून टाकतं, आणि कंबर, छाती, हात एकाच वेळी निघून एकाच वेळी थांबतात. म्हणून स्टेप्डमध्येच दर तीन-चार फ्रेम्सना ब्रेकडाउन, म्हणजे मधली पोझ, द्या. मग ग्राफ एडिटरमध्ये (जिथे हालचाल वक्ररेषांनी, म्हणजे कर्व्हने दिसते) आधी फक्त कंबरेचे कर्व्ह नीट करा; छाती आणि हात दोन-तीन फ्रेम्स मागे ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण खरा ॲनिमेटर इथेच घडतो.

प्रत्येक शॉटआधी ती हालचाल स्वतः करून मोबाइलवर शूट करा आणि फ्रेम-फ्रेम करून बघा. याला पर्याय नाही.

शोरील (नोकरीसाठी दाखवायचा निवडक कामाचा व्हिडिओ) एक मिनिटाच्या आत ठेवा, सर्वांत चांगला शॉट पहिला. वजन उचलणं, उडी आणि संवाद म्हणणारं एखादं पात्र त्यात हवंच. रिग कुणी बनवला तेही लिहा.