हीथकिट डीएक्स-६० वर प्लेट मॉड्युलेशन बसवावं का?

जुना डीएक्स-६०, म्हणजे हॅमचा (हौशी रेडिओवाल्यांचा) व्हॉल्व्हचा ट्रान्समीटर मिळाला आहे, एएमवर (लहरीची उंची आवाजाप्रमाणे बदलण्याच्या पद्धतीत) आवाज पातळ जातो असं समोरचे सांगतात, म्हणून कंट्रोल्ड कॅरियर (कॅरियर म्हणजे आवाज वाहून नेणारी लहर, ती इथे बोलण्याबरोबर चढते-उतरते) काढून प्लेट मॉड्युलेशन (आवाज शेवटच्या व्हॉल्व्हच्या प्लेटच्या व्होल्टेजवर चढवणं) बसवायचं मनात आहे, असा तुमचा प्रश्न.

बसवू नका. शंभर टक्के प्लेट मॉड्युलेशनला फायनलच्या, म्हणजे शेवटच्या पॉवर व्हॉल्व्हच्या, डीसी इनपुटच्या निम्मी ऑडिओ पॉवर लागते. इनपुट ६० वॅट धरलं तरी ३० वॅट ऑडिओ. त्या ॲम्प्लिफायरला सप्लाय कुठून देणार? या सेटचा पॉवर ट्रान्सफॉर्मर एका ६१४६ व्हॉल्व्हसाठी आहे, तोही मोर्स आणि बोलण्याच्या चढउताराच्या हिशेबाने बेतलेला. शिवाय मॉड्युलेशनच्या शिखरावर प्लेटचं व्होल्टेज दुप्पट होतं. ६०० चे १२०० व्होल्ट टँकच्या (आउटपुटच्या ट्यूनिंग सर्किटच्या) कंडेन्सरच्या पात्यांवर आले की ठिणग्या उडणार.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझा डीएक्स-६० ज्यांच्याकडून आला त्यांनी नेमकं हेच केलं होतं. समोरच्या पॅनलला मीटरच्या बाजूला ड्रिलने भोक पाडलेलं, कडा कानशीने घासलेल्यासुद्धा नाहीत, आणि त्यात एक पोटेन्शोमीटर. कशाचा ते कुठे लिहिलेलं नाही. मागे चासीवर कुठल्याशा पब्लिक ॲड्रेस ॲम्प्लिफायरमधून काढलेला ट्रान्सफॉर्मर उलटा जोडून मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर म्हणून लावलेला. पोटेन्शोमीटरची वायर शील्ड न करता थेट फायनलच्या पिंजऱ्याला घासून नेलेली, त्यामुळे मायक्रोफोनचा गेन थोडा वाढवला की आरएफ (रेडिओ लहर) ऑडिओत शिरून शिट्टी सुरू. मूळ मॉड्युलेटरच्या वायरी कापून टेपने गुंडाळून कोपऱ्यात कोंबल्या होत्या. पॉवर ट्रान्सफॉर्मरचा वार्निश जळल्याचा वास झाकण काढल्याकाढल्या नाकात गेला.

सर्किट डायग्राम समोर ठेवून एकेक वायर मल्टिमीटरने शोधत तो सेट मी मार्गी लावला. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर सगळे बदलले. ते मालिकेत जोडलेले असतात, तेव्हा त्यांच्यावरचे व्होल्टेज वाटून देणारे रेझिस्टन्सही बदलावेत. त्यांची किंमत सरकली की एका कंडेन्सरवर जास्त व्होल्टेज येतं आणि नवा कंडेन्सरसुद्धा फुगतो. दोन पिनी वायर काढून तीन पिनी लावली, चासी अर्थ केली, मेन्सवरचे बायपास कंडेन्सर सेफ्टी रेटिंगचे घातले. मग कॅरियरला हात घातला.

आणि इथे आमच्यातल्या एका ज्येष्ठ हॅमशी माझं वाजलं. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो, मोर्स मी त्यांच्याकडूनच शिकलो. त्यांचं म्हणणं, ‘एकाने वाट लावली, आता तू लावू नकोस. कंपनीतून आला तसा करून ठेव.’ इलेक्ट्रोलायटिकसुद्धा बदलायला नको होते म्हणे, हळूहळू व्होल्टेज चढवून जुनेच जागे करायला हवे होते. हा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो: काका, हा सेट कंपनीतून असा आलाच नव्हता. हीथकिट म्हणजे किट. खोक्यातून सुटे भाग यायचे आणि घेणारा घरी मॅन्युअलमधल्या चौकोनात खुणा करत करत सोल्डर करायचा. प्रत्येक डीएक्स-६० कुणा ना कुणा हौशी माणसाच्या हातचा आहे. खुद्द कंपनीनेही १९६२ च्या या मॉडेलला पुढे ए आणि बी करून बदल केलेच. हात लावू नये असा मूळ सेट नेमका कुठला मग? परत फिरवता येणारा बदल आणि पॅनलला पाडलेलं भोक, या दोन गोष्टी एका मापाने मोजणं मला मान्य नाही.

तर मी केलं ते असं. कंट्रोल्ड कॅरियरमध्ये ६१४६ च्या स्क्रीनवरचं (व्हॉल्व्हमधल्या एका जाळीवरचं) व्होल्टेज बोलण्याबरोबर चढतं, गप्प बसलं की कॅरियर खाली जातो. हा दोष नाही. लहान ट्रान्सफॉर्मर आणि एका व्हॉल्व्हमध्ये जास्तीत जास्त पीक पॉवर काढायची हुशार युक्ती आहे. अडचण ऐकणाऱ्याकडे होते, दर वाक्यामागे कॅरियर पडतो आणि त्याच्या रिसीव्हरचा एजीसी (आवाज आपोआप सारखा ठेवणारं सर्किट) वरखाली होत राहतो. मी मॉड्युलेटरच्या शेवटच्या ट्रायोडच्या ग्रिडला स्थिर डीसी दिला आणि ऑडिओ कंडेन्सरमधून सोडला. झालं साधं स्क्रीन मॉड्युलेशन, कॅरियर जागच्या जागी. चारच सुटे भाग, एका टॅगस्ट्रिपवर (सोल्डर करायच्या छोट्या पट्टीवर), आणि ती टॅगस्ट्रिप चासीच्या आधीच्याच स्क्रूखाली. नवं भोक एकही नाही. बदलाचं सर्किट कागदावर काढून झाकणाच्या आत चिकटवलं आहे. दोन वायरी हलवल्या की सेट पुन्हा पहिल्यासारखा.

यात पॉवर कमी होते, हे आधीच मान्य करून टाका. शंभर टक्के मॉड्युलेशनला पीक पॉवर कॅरियरच्या चौपट लागते. ६१४६ ची प्लेट २५ वॅट उष्णता सोसते. स्क्रीन मॉड्युलेशनमध्ये कॅरियरला एफिशिअन्सी जेमतेम ३३ टक्के, म्हणजे इनपुट ३७ वॅट आणि हातात १२ वॅट कॅरियर, ५० वॅट पीक. त्याच्यापुढे जाल तर प्लेट लाल होईल. मीटर बघून मोर्ससारखं ट्यून करू नका, लोडिंग त्याहून जड ठेवावं लागतं. ऑसिलोस्कोपवर एन्व्हलप (लहरीच्या शिखरांची बाहेरची रेषा) बघत बसवा. शिखरं चपटी दिसली तर लोडिंग वाढवा किंवा कॅरियर खाली घ्या. स्कोपशिवाय हा बदल करणाऱ्याने बँडवर शेजाऱ्यांना त्रास द्यायची तयारी ठेवूनच करावा.

आता तुमचा पातळ आवाज. त्याचा कॅरियरशी फारसा संबंध नसावा. आधी मायक्रोफोन बघा. हे सेट हाय इम्पीडन्स क्रिस्टल मायक्रोफोनसाठी होते, आणि रोशेल सॉल्टचा क्रिस्टल दमट हवेत मरतो. लो इम्पीडन्स डायनॅमिक मायक्रोफोन मधे ट्रान्सफॉर्मर न लावता जोडला असेल, तर आवाज बारीक जाणारच. मायक्रोफोन ठीक निघाला तर ऑडिओचे कपलिंग कंडेन्सर मोठ्या किमतीचे घाला. मूळचे लहान आहेत, खालचा आवाज ते मुद्दाम कापतात. तेवढ्यानेच बहुतेक काम होईल. हा बदल काकांनीही गुपचूप स्वतःच्या सेटवर केलेला आहे, मी झाकण उघडून पाहिलं आहे.

हे वर लिहायला हवं होतं: आत ६०० व्होल्ट आहेत आणि ते सेट बंद केल्यावरही कंडेन्सरवर टिकतात. कंडेन्सर रिकामे करणाऱ्या ब्लीडर रेझिस्टन्सवर विश्वास ठेवू नका, जुना ब्लीडर तुटलेला असू शकतो. प्लग काढून, इन्सुलेटेड दांडीला रेझिस्टन्स लावून डिस्चार्ज करा, मीटरने शून्य बघा, मगच हात घाला. सगळं ट्यूनिंग आधी डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टन्सवर).

आणि प्लेट मॉड्युलेशनच हवं असेल तर डीएक्स-१०० शोधा. फायनलला ६१४६ ची जोडी, मॉड्युलेटरला १६२५ ची जोडी, ट्रान्सफॉर्मर त्याच हिशेबाचे. वजन ४५ किलोच्या आसपास आहे, टेबल आधी भक्कम करून घ्या.