मल्हार म्हणजे पाऊस? सासूबाईंचंच खरं

ताई, तुम्ही विचारलंय की मुलाचं नाव मल्हार ठेवायचंय, अर्थ पाऊस ना. आणि सासूबाई म्हणतात हे खंडोबाचं नाव. सासूबाईंचं बरोबर आहे.

मल्ल नावाच्या दैत्याचा अरि, म्हणजे शत्रू, तो मल्लारि. मुर दैत्याचा शत्रू मुरारि, तसंच. बोलण्यात त्याचं मल्हारी झालं आणि पुढे मल्हार. मणी आणि मल्ल या दैत्यांना मारल्याची कथा 'मल्हारी माहात्म्या'त आहे. चंपाषष्ठी त्याचीच, चातुर्मासात बंद असलेलं वांगं त्या दिवशी भरीत-रोडग्याच्या नैवेद्याने पुन्हा ताटात येतं.

पावसाचं म्हणाल तर मियाँमल्हार, गौडमल्हार हे पावसाळ्यात गायचे राग. म्हणून शब्दाचा अर्थ पाऊस होत नाही. नावांच्या वेबसाइट एकमेकींचं उतरवून घेतात, त्यातून हा घोळ. रागाच्या प्रेमापोटी नाव ठेवायलाही माझी ना नाही, पण जेजुरीला 'येळकोट येळकोट जय मल्हार' ओरडणारा ढगाला हाक मारत नसतो.

इतिहासातले मल्हार म्हटलं की पहिले मल्हारराव होळकर (१६९३–१७६६). नीरेकाठच्या होळ गावचे, म्हणून होळकर. त्यांच्या घरातली नावं बघा: वडील खंडोजी, स्वतः मल्हारी, मुलगा खंडेराव. तिन्ही पिढ्यांत कुलदैवत एकच, फक्त हाक वेगळी! खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात गेले आणि पुढे सून अहिल्याबाईंनी दौलत सांभाळली. पानिपतावरून आधीच निघून गेल्याचा ठपका मल्हाररावांवर अजून ठेवला जातो, त्यावर इथे वाद नको.

दुसरे बडोद्याचे मल्हारराव गायकवाड. दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, फेअर याच्या पपनसाच्या सरबतात विष घालवल्याचा आरोप त्यांच्यावर आला. चौकशी आयोगात मतं फुटली, तरी इंग्रजांनी १८७५ मध्ये त्यांना गादीवरून काढलंच. त्यानंतर सयाजीराव आले. बारशाला आलेल्या एखाद्या इतिहासवाल्या काकांनी हा विषय काढला तर होळकरांचं नाव पुढे करा.

आता व्यवहाराचं. माझा भाचा मल्हार आहे. घरात 'मल्हारी', मैदानावर मात्र 'मल्ल्या', आणि बँक बुडवण्यावरून जे विनोद व्हायचे ते सगळे होऊन गेलेत. तो आता दहावीत आहे आणि त्याला काही वाटत नाही. खंडोबा तुमचं कुलदैवत असेल तर 'मार्तंड'ही बघा, ते नाव हल्ली कुणी ठेवत नाही.