बेस कुठे आहे ते आधी सांग

प्रिय मुली,

तुझा तक्ता उघडून पाहिला. वर पायलटची नोकरी देऊ करणाऱ्या तीन एअरलाइन कंपन्या, खाली चौदा ओळी, हिरवे-पिवळे रंग आणि प्रत्येक ओळीला गुण. मेहनत दिसते. पण ‘बेस’, म्हणजे ज्या विमानतळावरून ड्यूटी सुरू होते तो, ही ओळ अकरावी आहे, गणवेशाच्या भत्त्याच्याही खाली. ते पाहिलं आणि लॅपटॉप मिटला. बायकोने विचारलं काय झालं, तर म्हटलं, पोरगी हुशार आहे म्हणूनच राग येतो.

तीन ऑफर एकदम हातात आल्यावर डोकं चालेनासं होतं, हे मला कळतं. कालपर्यंत तू सेसनाच्या उजव्या सीटवर बसून पोरांना लँडिंग शिकवत एअरलाइनसाठी लागणारे पंधराशे तास भरत होतीस, आणि आज लोक तुला बोनस देऊ करताहेत. गोंधळ होणारच. पण तू विचारलंस, ‘काका, तुम्ही माझ्या जागी असता तर?’ तर ऐक. गाडीने जाता येईल असा बेस घे. उरलेल्या तेरा ओळी त्यानंतर.

तू शिकागोच्या उपनगरात आईबाबांकडे राहतेस. ओहेअर विमानतळ तुझ्या घरापासून पाऊण तासावर. तिसऱ्या कंपनीचा बेस तिथे आहे आणि तिलाच तू शेवटचा नंबर दिलास, का तर विमानं जुनी, पन्नास आसनांची, बोनस किरकोळ आणि ट्रेनिंगचा क्लास दोन महिने उशिरा. पहिल्या कंपनीकडे ई-१७५ विमान आहे, बोनस घसघशीत आहे, पण बेस न्यूयॉर्क. दुसरी तीन आठवड्यांत क्लासला बसवते, बेस मात्र ‘ट्रेनिंग संपताना कळवू’ म्हणते. म्हणजे जिथे जुने लोक जायला तयार नाहीत तिथे तुला पाठवणार. एवढं तुला कळायला हवं होतं.

पैशांचं आधी उरकतो, कारण तुझ्या तक्त्यात सगळ्यांत जास्त रंग तिथेच आहेत. २०२२ च्या उन्हाळ्यात अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या एन्व्हॉय आणि पीडमाँटने नव्या फर्स्ट ऑफिसरचा, म्हणजे सहवैमानिकाचा, पगार एकदम तासाला ९० डॉलरवर नेला. मग बाकीच्यांनाही वाढवावा लागला. आज तुझ्या तिन्ही ऑफरमध्ये तासाचा दर जवळपास सारखाच आहे, तुझेच आकडे बघ. फरक उरतो बोनसचा. आणि बोनसच्या कागदात खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की अमुक मुदतीच्या आत गेलात तर परत करा. तो पैसा मुदत संपेपर्यंत तुझा नाहीच.

आता हा हिशोब कर, जो तुझ्या तक्त्यात नाही. महिन्याला साधारण ७५ तासांच्या पगाराची हमी धर. महिन्यात चार ट्रिपा, म्हणजे शिकागो ते न्यूयॉर्क चार वेळा जाणं आणि चार वेळा येणं. घराच्या दारापासून क्रू रूमच्या दारापर्यंत एका वेळेला सहा तास धरले तरी महिन्याचे ४८ तास झाले. हे तास ड्यूटीत धरत नाहीत, आणि त्यांचा पैसाही मिळत नाही. वर क्रॅशपॅडचं, म्हणजे बेसजवळ क्रूने वाटून घेतलेल्या खोलीतल्या बंकचं, भाडं. सकाळची ट्रिप असेल तर आदल्या दिवशीच निघायचं, आणि रात्री उशिरा परतलीस तर शेवटचं विमान गेलेलं. महिन्यातले सुट्टीचे दिवस कागदावर आणि प्रत्यक्षात वेगवेगळे निघतात ते यामुळे.

आणि हा प्रवास तिकिटावर नसतो. जागा उरली तर बसायचं, नाहीतर कॉकपिटमधल्या जादा सीटसाठी, जंपसीटसाठी, कॅप्टनला विचारायचं, आणि तीही तुझ्याआधी कुणी घेतली असेल तर पुढचं विमान. थंडीत ओहेअरला बर्फ पडला, न्यूयॉर्कच्या लागार्डियाला ढग खाली आले, की दोन विमानं हातची जातात. तुझी ट्रिप चुकली तर नोंद तुझ्या नावावर. विमान लेट होतं, हवा खराब होती, हे सांगून फार उपयोग होत नाही.

रिझर्व्हबद्दल तू एक ओळसुद्धा लिहिली नाहीस. नवीन माणूस रिझर्व्हवरच असतो, म्हणजे ठरलेली उड्डाणं नाहीत, बोलावलं की जायचं. शॉर्ट कॉल म्हणजे फोन आल्यावर साधारण दोन तासांत हजर. ओहेअरचा बेस असेल तर तू फोनची वाट आईच्या स्वयंपाकघरात बसून बघशील. न्यूयॉर्कचा असेल तर क्वीन्समधल्या क्यू गार्डन्समध्ये एखाद्या क्रॅशपॅडच्या बंकवर, जिथे वरच्या बंकवरचा माणूस पहाटे उठून बॅग भरतो आणि खालचा तेव्हाच परत येतो. फोन आला नाही तर तो दिवस तिथेच गेला. ‘थोडे महिने काढीन’ असं तू म्हणशील. मीही म्हणालो होतो. ते थोडे महिने किती लांबतील हे तू ठरवत नाहीस, तुझ्या मागून किती लोक त्या बेसला येतात त्यावर ठरतं. भरती थांबली की यादीचा तळ म्हणजे तूच.

आमच्या धंद्यात तारखेला किंमत आहे, हे खरं. क्लास डेटवरून सीनियॉरिटी नंबर, नंबरावरून बेस, विमान, महिन्याची लाइन (ठरलेल्या उड्डाणांचं वेळापत्रक), सुट्ट्या, अपग्रेड (कॅप्टनपद), सगळं. दुसऱ्या कंपनीत तीन आठवड्यांत क्लास म्हणून तू भाळलीस, ते चूक नाही. बेस सारखाच असता तर मीच सांगितलं असतं, उद्या निघ. पण नंबर लवकर मिळवून तो राहायला न आवडणाऱ्या शहरात खर्च करायचा, आणि मग घराजवळच्या बेसला बदली मागत रांगेत उभं राहायचं, याला मी घाई म्हणतो. गाडीने जाता येईल असा बेस घे. दोन महिने आणखी पोरांना लँडिंग शिकव.

अपग्रेडचं वेड तुझ्या सगळ्या बॅचला लागलेलं दिसतं. रिक्रूटर ‘लवकर कॅप्टन’ म्हणतो तेव्हा विचार, तास कुठून येणार? २०१३ च्या नियमांप्रमाणे एअरलाइनमध्ये कॅप्टन व्हायला एअरलाइनच्या उड्डाणांचेच १,००० तास आधी लागतात. इन्स्ट्रक्टरचे तास त्यात चालत नाहीत. हे हजार तास भरतात विमान उडवून. क्रॅशपॅडवर पडून राहिल्याने एक मिनिटही भरत नाही. घराजवळ असलीस तर सुट्टीच्या दिवशी उघडी पडलेली ट्रिप फोनवर उचलता येते, कारण तू पाऊण तासात पोचतेस. लांबून येणारा उचलत नाही, तो घरी जायचं विमान शोधत असतो.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुला माहीत असेलच, कारण तुझे पंधराशे तास तिथूनच आले. १२ फेब्रुवारी २००९ ला कोलगन कंपनीचं क्यू-४०० विमान न्यूयॉर्कजवळच्या नूअर्कहून बफेलोला जाताना पडलं. ५० माणसं गेली, त्यात एक जमिनीवरचा. तपासात कारण निघालं ते कॅप्टनने स्टिक शेकरला, म्हणजे वेग फार कमी झाल्याचा इशारा देत थरथरणाऱ्या दांड्याला, दिलेला चुकीचा प्रतिसाद. थकव्याचा वाटा नेमका किती, ते अपघाताचा तपास करणाऱ्या एनटीएसबीला ठरवता आलं नाही, आणि मी ते ठरवणार नाही. पण फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री सिएटलहून विमानं बदलत नूअर्कला आली होती आणि कॅप्टन क्रू रूममध्ये झोपला होता, हे अहवालात आहे. दोघांचं घर बेसपासून लांब. पुढे कायदा झाला, पंधराशे तासांची अट आली, २०१४ पासून विश्रांतीचे नवे नियम आले, ड्यूटीआधी दहा तास विश्रांती आणि त्यात आठ तास झोपेची संधी. तरीही त्या दहा तासांत तू घरून विमानाने बेसला पोचलीस की झोपलीस, हे बघायला कुणी येत नाही. ‘फिट फॉर ड्यूटी’वर सही तुझी असते. म्हणून मी बेस बेस करतो. नुसत्या सोयीचा प्रश्न असता तर एवढं लांबलचक लिहिलं नसतं.

तू लगेच म्हणशील, काका, रीजनलचा बेस म्हणजे काय, आज आहे उद्या नाही. अगदी बरोबर, आणि तुझ्या सगळ्या तक्त्यात हाच एक मुद्दा मला विचार करायला लावणारा होता. रीजनल कंपनी बहुतेक करून स्वतःची तिकिटं विकत नाही. डेल्टा, युनायटेड, अमेरिकन तिच्याकडून उड्डाणं विकत घेतात, आणि करार हलला की बेस हलतो. कोमेअर २०१२ मध्ये बंद झाली. एक्सप्रेसजेटचं युनायटेडचं काम २०२० मध्ये कम्यूटएअरकडे गेलं आणि पुढे कंपनीही संपली. पन्नास आसनांची सीआरजे विमानं आता नवीन बनत नाहीत, तिसऱ्या कंपनीचं भविष्य तुला धूसर वाटतं ते उगाच नाही.

पण मग नीट विचार कर ना! कंपनी जाईल, करार जाईल, बेस बंद होईल, हे तिन्ही ऑफरना लागू आहे. त्यात उरतं काय? तू राहतेस ते शहर आणि तुझ्या लॉगबुकातले तास. ओहेअरला युनायटेड आणि अमेरिकन दोघांचा हब आहे, दोघांसाठी उडणाऱ्या रीजनल कंपन्यांचे क्रू तिथे आहेत. एक दार बंद झालं तर त्याच विमानतळावर दुसरं ठोठावता येतं. नंबर पुन्हा तळाचा मिळेल, पण घर बदलावं लागणार नाही. न्यूयॉर्कचा बेस बंद झाला तर तुला शिकागो देतील असं वाटतं का?

‘फ्लो’चं आमिष पहिल्या कंपनीने दाखवलंय. मोठ्या कंपनीत मुलाखतीशिवाय जाण्याचा रस्ता, छान आहे. पण तो रस्ता किती वेगाने पुढे सरकेल ते मोठी कंपनी किती माणसं घेते त्यावर आहे. २०२० मध्ये त्यांची भरतीच थांबली, तेव्हा फ्लोवाले जिथल्या तिथे राहिले. त्याला तक्त्यात दहापैकी नऊ गुण देणं म्हणजे रिक्रूटरची पत्रिका जुळवणं झालं.

आणि जुनं विमान म्हणून नाक मुरडू नकोस. सीआरजे-२०० ला ऑटोथ्रॉटल (इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा) नाही, पंखाच्या पुढच्या कडेला स्लॅट (कमी वेगात उचल वाढवणाऱ्या पट्ट्या) नाहीत, म्हणून ॲप्रोचला ते नाक खाली घालून येतं आणि फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलणं, वेळेवर केला नाहीस तर सगळ्यांना कळतं. ई-१७५ आरामाचं विमान आहे, मी ते उडवतो, मला आवडतं. पण हात तयार झाले ते जुन्या विमानावर.

आता तुझ्या पत्रातला तो प्रश्न, जो तू आडून विचारलास: ‘तुम्ही मोठ्या कंपनीत का नाही गेलात?’ सरळ विचारायचा होतास. माझ्याबरोबरचे आज बोइंग ७८७ वर आहेत, टोकियोचे फोटो पाठवतात. मलाही बोलावलं होतं. बेस न्यूयॉर्क होता. मी ती वर्षं आधी एकदा जगलो होतो, एका रीजनलमध्ये, लांबच्या बेसवरून; घरी यायचो आणि झोपायचो, मुलीने काही सांगितलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायला लागायचं. परत तेच करायचं नाही असं ठरवलं आणि नाही म्हणालो. लोक म्हणाले, घाबरला. म्हणू देत. आज माझ्या बेसच्या यादीत मी वर आहे, महिन्याची लाइन मला हवी तशी मिळते, मुलीच्या शाळेचे कार्यक्रम मी बिडिंग करून, म्हणजे हव्या त्या सुट्ट्या मागून घेऊन, बघितले. माझ्या आणि त्यांच्या पगारात केवढा फरक आहे ते मला पाठ आहे, त्यांच्या निवृत्तीच्या खात्यात काय आहे तेही. निवृत्तीचं वय, ६५, जवळ यायला लागलं की हे आकडे रात्री आठवतात. तरीही उद्या तोच फोन आला आणि बेस तोच असला, तर मी तेच उत्तर देईन. माझ्या बायकोचं मत वेगळं आहे, ते तिलाच विचार.

तू मोठ्या कंपनीत जा, जरूर जा, वय तुझं आहे. तिथेही बेस असतात, तिथेही पहिला प्रश्न हाच विचार.

आत्ता करायचं ते असं. तिसऱ्या कंपनीला फोन कर आणि विचार, ओहेअर लेखी देता का, की तेही ट्रेनिंगनंतर? तोंडी ‘बहुतेक’ म्हणाले तर ते नाही असंच धर. मग विचार, ओहेअरला लाइन मिळालेला सगळ्यांत नवा फर्स्ट ऑफिसर किती महिन्यांपूर्वी लागला. रिक्रूटरने टाळलं तर टर्मिनलवर त्यांच्या गणवेशातल्या कुणालाही गाठ, पोरं खरं सांगतात. ओहेअर लेखी देत नसतील तर माझं वरचं निम्मं पत्र बाद, आणि मग पहिल्या-दुसऱ्याबद्दल बोलू. तेव्हाही आधी हेच बघू, की त्या शहरात तू घर करायला तयार आहेस का. तयार असशील तर तिथे राहायला जा, आणि मग तोही गाडीने जाता येईल असा बेस झाला.

ज्यांना नाही म्हणशील त्यांना दोन ओळींचा नीट ईमेल लिही, मुदत संपायच्या आत. गप्प बसू नकोस. हा धंदा लहान आहे, आजचा रिक्रूटर पाच वर्षांनी दुसऱ्या कंपनीच्या टेबलापलीकडे बसलेला सापडतो. या आठवड्यात मी रात्री नऊनंतर घरी आहे, फोन कर.

तुझा,
काका