ते 'डांके' परत घे

पत्र: ताई, आम्ही सात वर्षं जर्मनीत, केम्निट्झला आहोत. दोघंही आयटीत. आता नागरिकत्वही घेतलंय. तळमजल्यावर एक आजोबा एकटेच राहतात, सत्तरीचे. आमची पार्सलं तेच ठेवून घेतात, लेकीची सायकलही त्यांनीच नीट करून दिली. फेब्रुवारी 2025च्या निवडणुकीनंतर जिन्यात सहज म्हणाले, "मी एएफडीला मत दिलं. तुमच्याबद्दल काही नाही हं, तुम्ही काम करता, कर भरता. बाकीचे तसे नाहीत." एएफडी म्हणजे इथला स्थलांतरितविरोधी, कडवा उजवा पक्ष. रोख चौथ्या मजल्यावरच्या सीरियन कुटुंबाकडे होता. मी डांके म्हणून वर आले. तेव्हापासून झोप लागत नाही. नवरा म्हणतो, असल्या लोकांशी बोलणंच टाक. मैत्रीण म्हणते, बोलत राहा, नाहीतर ते आणखी तिकडे जातील. मी कुणाचं ऐकू?
– दुसऱ्या मजल्यावरची

अगं दुसऱ्या मजल्यावरचे,

सबंध पत्रात एक वाक्य तू घाईघाईने उरकलंस, आणि मी तिथेच अडकले. "मी डांके म्हणून वर आले." आभार कशाचे मानलेस? शेजाऱ्यांना नावं ठेवताना तुला वगळलं, त्याचे?

बोलावं की बोलू नये, यावर नवरा आणि मैत्रीण भांडताहेत. पण तू तर बोलून बसली आहेस. आजोबांना त्या दिवशी कळलं ते इतकंच, की वरची भारतीय बाईसुद्धा आपल्याच मताची आहे. उद्या त्यांच्या मित्रमंडळीत ते हे सांगतीलही, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही. तुझी झोप उडाली याचं मला फारसं वाईट वाटत नाही.

शिवाय तुला मिळालेली ही सवलत आजोबांची आहे, पक्षाची नव्हे. जानेवारी 2025मध्ये तुमच्याच सॅक्सनी राज्यात, रीझाच्या अधिवेशनात, पक्षाच्या नेत्या आलिस वायडेल यांनी 'रेमिग्रेशन' हा शब्द व्यासपीठावरून ठणकावून उच्चारला. परदेशातून आलेल्यांना मोठ्या संख्येने परत पाठवायचं, असा त्याचा अर्थ. त्यात कोण कोण मोडतं हे ठरवताना तळमजल्यावरच्या आजोबांना कुणी विचारणार नाही.

नवऱ्याचं म्हणणं एका जागी बरोबर आहे. एएफडीशी हातमिळवणी करायची नाही, ही 'ब्रांडमाउअर' जर्मनीतल्या इतर पक्षांनी स्वतःसाठी घातलेली भिंत आहे. फेब्रुवारी 2020मध्ये थुरिंगियात एएफडीच्या मतांवर मुख्यमंत्री निवडून आला, तर केवढा गहजब झाला! काही दिवसांतच त्याला राजीनामा द्यावा लागला. पण ती भिंत विधिमंडळासाठी आहे, जिन्यासाठी नाही. फेब्रुवारी 2025च्या निवडणुकीत देशभरात एएफडीला 20.8 टक्के मतं पडली, सॅक्सनीत 37 टक्क्यांच्या वर. एवढ्या सगळ्यांशी अबोला धरायचा तर तुम्हाला केम्निट्झमध्ये साधा नळ दुरुस्त करून घेता येणार नाही.

तेव्हा येत्या शनिवारी, दुपारी तीनच्या सुमाराला, त्यांच्या कॉफीच्या वेळी केक घेऊन खाली जा. एकटी जा. नवरा बरोबर आला की दोघांविरुद्ध एक होतं, आणि मग माणूस विचार करायचं सोडून नुसता किल्ला लढवतो. फोन घरीच ठेव. तू आकडे काढशील, ते त्यांच्या फोनवरचा कसला तरी व्हिडिओ काढतील, आणि तास त्यातच जाईल. हिटलरचं नाव काढायचं नाही. ते काढलंस की चहा-कॉफीसकट सगळं संपलं.

आधी त्यांना विचार: आश्रय मागायला आलेल्यांना इथे राहू द्यावं का? शून्य म्हणजे एकालाही नाही, दहा म्हणजे जरूर, तुम्ही कितीवर? ते दोन म्हणाले तर भुवई उंचावू नकोस. "दोन का, शून्य का नाही?" एवढंच विचार आणि गप्प बस. उत्तराला वेळ लागतो, ती शांतता भरून काढायची घाई करू नकोस. मग विचार, तुम्हाला कधी कुणी नकोसं असल्यासारखं वागवलं का? 1990मध्ये ते पस्तिशीच्या आसपास असतील. पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या एकीकरणानंतर तिथले, म्हणजे पूर्वेकडचे, कारखाने एकामागून एक बंद पडले, तरणी मुलं पश्चिमेकडे गेली. ते कदाचित त्याबद्दल बोलतील, कदाचित भलतंच काही निघेल. तू अंदाज बांधून त्यांच्या तोंडी घालू नकोस, आणि मधे "हो, पण" आणू नकोस.

मग तुझं सांग. नागरिकत्व घेताना भारतीय पासपोर्ट जमा करावा लागला, कारण भारत दोन नागरिकत्वं मान्य करत नाही. तो हातातून गेला त्या दिवशी कसं वाटलं ते सांग. आणि मग मुद्द्यावर ये: "त्या दिवशी मी डांके म्हटलं, ते मी परत घेते. वरच्या कुटुंबात आणि माझ्यात तुम्ही केलेला फरक मला मान्य नाही." हे वाक्य जर्मनमध्ये आधी लिहून पाठ कर. ऐनवेळी जुळवायला गेलीस तर गुळमुळीत होईल. शेवटी दहापैकी कितीवर, हे पुन्हा विचार.

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कल्ला या अमेरिकी अभ्यासकांनी दारोदारच्या अशा संभाषणांचे प्रयोग केले. 2016च्या त्यांच्या निबंधात, तृतीयपंथीयांविषयी साधारण दहा मिनिटांच्या बोलण्याचा परिणाम किमान तीन महिने टिकलेला दिसला. पुढे स्थलांतरितांबद्दल तेच करून पाहिलं, तेव्हा नुसत्या युक्तिवादाने काही हललं नाही. न्यायनिवाडा न करता अनुभवांची देवाणघेवाण झाली तिथे थोडं हललं. थोडंच, हं. दोनाचे तीन झाले तरी पुष्कळ, दोनच राहिले तरी केक खाऊन ये. मत कुणाला देणार हा विषय काढायचाच नाही. सॅक्सनीची पुढची विधानसभा 2029ला आहे.

आणि चौथ्या मजल्यावरच्या कुणाला त्यांनी तुझ्यादेखत टाकून बोललं, तर मात्र दहापैकी किती वगैरे नाही. तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, "असं बोलायचं नाही" म्हण आणि त्या कुटुंबाबरोबर वर जा. त्यांच्या घरी अजून एकदाही गेलेली नाहीस ना?